दाबोळी विमानतळ : धावपट्टी आणि तिच्यावरील अधिकार

विमानतळाची क्षमता सांगताना धावपट्टीची लांबी, प्रवासी इमारतीचे क्षेत्रफळ आणि विमाने उभी करण्याच्या जागा यांचे आकडे देण्याची प्रथा आहे. गोव्यातील दाबोळी विमानतळाच्या बाबतीत मात्र हे आकडे अपुरे पडतात. धावपट्टी कोणाच्या ताब्यात आहे आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी ती कोणाला वापरता येते, हाच प्रश्न तेथे अधिक निर्णायक ठरलेला आहे.

मुरगाव द्वीपकल्पाच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा जो सडा आहे, त्यावर हा विमानतळ वसलेला आहे. कोकणपट्टीत सपाट भूमी थोडी, आणि आहे ती बहुतेक भातशेतीखाली. सड्यावर मातीचा थर पातळ, पीक जेमतेम. त्यामुळे सलग मोठे क्षेत्र मिळावयाचे तर ते तेथेच. पुढे सिंधुदुर्गातील चिपी (२०२१) आणि पेडणे तालुक्यातील मोपा हे विमानतळही सड्यांवरच उभे राहिले, ही गोष्ट भूगोलाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

स्थळ भूरचनेने सुचविले, पण निकड राजकारणाने निर्माण केली. १९५४ साली दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली, तेव्हा भारतीय प्रदेशातून तेथे सैन्य नेण्याची वाट त्यांना मिळाली नाही. या वाटेच्या हक्कासाठी पोर्तुगालने १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली. त्याच वर्षी, ऑगस्टमधील सत्याग्रहानंतर, गोव्याच्या सीमा बंद झाल्या आणि रेल्वेची वाहतूकही थांबली. दाबोळीचा विमानतळ १९५५ मध्येच सुरू झाला. त्याला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव देण्यात आले आणि वसाहतीच्या सरकारने स्वतःची विमानसेवाही काढली. गोवा, दमण आणि दीव हे विखुरलेले तुकडे आकाशमार्गाने जोडणे व कराचीशी संबंध राखणे हे या सेवेचे प्रमुख कार्य होते. कोंडीत सापडलेल्या सत्तेने उघडलेली ही खिडकीच म्हणावयाची.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर बाँबफेक केली. प्रवासी इमारतीस व अन्य सोयींस धक्का लावू नये, अशी आज्ञा वैमानिकांना होती आणि ती पाळली गेली. तळावर उभी असलेली दोन प्रवासी विमाने त्यामुळे बचावली. रात्री धावपट्टीची घाईने डागडुजी करून ती कराचीकडे निसटली. शत्रूचा तळ निकामी करावयाचा, पण उद्या तो आपल्यालाच लागणार आहे, हे भान त्या आज्ञेत स्पष्ट दिसते.

तळ लागला तो प्रथम नौदलाला. १९६२ च्या एप्रिलमध्ये नौदलाने त्याचा ताबा घेतला आणि १९६४ मध्ये ‘हंसा’ हा नाविक हवाई तळ कोईमतूरनजीकच्या सुलूरहून येथे आला. विमानवाहू जहाजांवरील विमानांचे हे माहेरघर ठरले : आधी सी-हॉक, मग सी-हॅरियर, त्यानंतर मिग-२९-के. नागरी वाहतूक ही या तळावरील कूळ. कूळ पुढे फार वाढले. ऐंशीच्या दशकापासून युरोपातील पर्यटकांची चार्टर विमाने येऊ लागली आणि २०१३ मध्ये नवी प्रवासी इमारत उघडली. सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची धावपट्टी मोठमोठ्या विमानांस पुरेशी होती. परंतु सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठपासून दुपारी एकपर्यंतचा काळ बरीच वर्षे नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेला असे. परिणामी नागरी उड्डाणे दुपारनंतर व रात्री दाटीने होत, आणि इमारत कितीही वाढविली तरी ती दाटी ओसरत नसे. येथे नौदलाला दोष देणे मला युक्त वाटत नाही. जहाजावर उतरण्याचा सराव अन्यत्र सहज हलविता येण्यासारखा नव्हे.

मोपा येथे ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. तेथे नौदलाची वेळ सांभाळावी लागत नाही. त्यानंतर काही विमान कंपन्यांनी आपल्या फेऱ्या दाबोळीहून तिकडे नेल्या. दोन्ही विमानतळ चालू राहतील असे शासनाने सांगितले आहे; तरीही मोपा राज्याच्या उत्तर टोकाला असल्यामुळे सासष्टी व मुरगाव तालुक्यांतील टॅक्सीचालक आणि हॉटेलव्यावसायिक यांच्यात अस्वस्थता आहे. नौदलाला दाबोळीची धावपट्टी लागणारच आहे. तिच्या कडेला उभ्या असलेल्या प्रवासी इमारतीत किती लोक उतरतील, हे आता बव्हंशी विमान कंपन्यांच्या वेळापत्रकांवर अवलंबून आहे.