मनाचा घाव आणि उपचारकाचे शिक्षण

चारकोपहून मुंबईत कामाला जायचे म्हणजे आधी बसने कांदिवली स्टेशन गाठायचे आणि मग लोकल पकडायची, हा येथला नित्यक्रम. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या आणि मुंबईच्या धीराचे सर्वत्र कौतुक झाले. ते कौतुक खोटे होते असे नव्हे. पण आमच्या सेक्टरातले एक गृहस्थ त्या दिवशी स्फोट झालेल्या एका गाडीत होते, पलीकडच्या डब्यात. अंगावर ओरखडासुद्धा नाही. तरी पुढची तीन वर्षे त्यांनी लोकलमध्ये पाय ठेवला नाही. पहाटे उठून बसेस बदलत बदलत कचेरी गाठायचे. दिवाळीत फटाके सुरू झाले की न्हाणीघराचे दार लावून आत बसायचे. घरची माणसे म्हणत, "अहो, तुम्हांला काही झालं नाही ना? मग?"

या 'मग?'ला शास्त्राने दिलेले नाव आहे आघातोत्तर ताणविकृती. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली ते आपल्या अधिकृत यादीत घातले. दुखणे मात्र तेवढे नवे नाही. जीवघेणा प्रसंग होऊन गेलेला असतो, पण मनाच्या लेखी तो संपतच नाही. स्वप्नात येतो, जागेपणी अचानक डोळ्यांपुढे उभा राहतो. माणूस त्याची आठवण करून देणारी प्रत्येक जागा टाळू लागतो. झोप उडते, जरा खुट्ट झाले की दचकतो, घरच्यांपासूनही तुटल्यासारखा होतो. पहिले काही दिवस असे कोणालाही होते आणि बहुतेकांचे आपोआप ओसरते. महिना उलटून गेला तरी ओसरले नाही आणि रोजचे काम अडू लागले, तर मात्र उपचार हवा.

मराठवाड्यातल्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा निजलेली किल्लारी आणि आसपासची गावे पहाटे चारच्या सुमारास ढिगाऱ्याखाली गेली. घरे पुन्हा बांधता आली. पण छपराखाली निजण्याची भीती गवंड्याला काढता येत नाही. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे यांनी त्या वेळी भूकंपग्रस्तांच्या मानसिक गरजांचा अभ्यास हाती घेतला. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : इतक्या माणसांवर उपचार करणारी माणसे आणायची कोठून? आणि त्यांना शिकवायचे काय?

उपचार काय आहे ते आधी पाहू. फिलाडेल्फियाच्या एडना फोआ यांनी रूढ केलेल्या पद्धतीत रुग्णाला आठवणीपासून दूर नेत नाहीत, उलट तिच्यासमोर बसवतात. डोळे मिटून तो प्रसंग, जणू आता घडतो आहे असा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा, पुन्हा सांगायचा, त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकायचे. साधारण आठ ते पंधरा बैठका होतात. शिवाय टाळलेल्या गोष्टींची एक शिडी करतात. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत ती अशी झाली असती : आधी कांदिवली स्टेशनच्या बाकावर अर्धा तास बसणे, मग दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने मालाडपर्यंत जाणे, मग अंधेरी, आणि शेवटी संध्याकाळच्या गर्दीतली गाडी. भीती वाढते, शिगेला जाते आणि आपण तेथेच टिकून राहिलो तर उतरते. हे एकदा अनुभवले की आठवण ही आठवणच राहते, संकट राहत नाही.

ऐकायला सोपे आहे. करणाऱ्याची मात्र कसोटी लागते आणि शिक्षणाची खरी अडचण इथेच आहे. आमचे शेजारी एकदा एका समुपदेशकाकडे गेले होते. सांगता सांगता त्या डब्यातल्या जळक्या वासापर्यंत आले, हात कापू लागले. समुपदेशकाने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हटले, "जाऊ द्या, नका आठवू, विसरून जा." माणूस भला होता, हेतू चांगला होता. पण बरोबर ज्या ठिकाणी थांबायला नको होते त्या ठिकाणी तो थांबला. हे पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. त्यांनी त्यातून एवढेच घेतले की आपली आठवण डॉक्टरलासुद्धा सोसवत नाही!

शिकवताना म्हणून आधी उपचारकाचे भय काढावे लागते. पुस्तकी ज्ञान त्याला असतेच. आता श्रोत्यांत शिक्षक बरेच आहेत, तेव्हा त्यांच्याच धंद्यातला दाखला देतो. अध्यापनशास्त्राचा पेपर उत्तम सोडवला म्हणून कोणी शिक्षक होत नाही. सरावपाठ घ्यावे लागतात. टाचण काढायचे, वर्गापुढे उभे राहायचे, मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले, आणि पाठ संपल्यावर त्यांची टिपणी : "फळ्याकडे तोंड करून बोलता, मुलाने चुकीचे उत्तर दिले तेव्हा पुढे का सरकलात?" उपचारकाचे शिक्षण तंतोतंत असेच व्हावे लागते. दोन-चार दिवसांचे शिबिर घेतले, प्रमाणपत्र वाटले, छायाचित्र काढले, की काम झाले असे आपल्याकडे फार समजतात. शिबिरात शिकलेले कौशल्य नंतरच्या देखरेखीशिवाय टिकत नाही, हे तपासांत वारंवार दिसले आहे. म्हणून अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २००६-०७ पासून ही शिक्षणयोजना राबवली, तेव्हा शिबिरानंतर प्रत्यक्ष रुग्ण घेऊन कित्येक महिने अनुभवी माणसाशी सल्लामसलत करण्याची अट घातली.

पण त्यासाठी पदव्यांची रास लागते काय? नाही, आणि ही मोठ्या आशेची गोष्ट आहे. फिलाडेल्फियात अत्याचारग्रस्त स्त्रियांना आधार देणाऱ्या संस्थेतील समुपदेशिकांना ही पद्धत शिकवली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तपासात त्यांच्या रुग्णांना विद्यापीठातील तज्ज्ञांच्या रुग्णांइतकाच गुण आलेला दिसला. पूर्व काँगोतील खेड्यांत जेमतेम शाळा शिकलेल्या स्थानिक सहाय्यिकांनी, ज्यांच्यातल्या अनेकींना लिहितावाचता येत नव्हते अशा स्त्रियांच्या गटांवर, विचार तपासून पाहण्याची दुसरी एक पद्धत वापरली. तिचेही फळ २०१३ साली जगापुढे आले.

आपल्या शेजारच्या गोव्यात तर याहून जवळचा दाखला आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नैराश्यावरील सहा ते आठ बैठकांचा उपचार शिकवला. दुखणे वेगळे, पण शिक्षणाची तऱ्हा लक्षात घेण्यासारखी आहे. रुग्णाच्या संमतीने बैठकीचे ध्वनिमुद्रण करायचे, मग सगळ्या समुपदेशकांनी एकत्र बसून ते ऐकायचे आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण द्यायचे. आपलाच आवाज दहा जणांत ऐकायचा म्हणजे काय, ते रेडिओवर बोलणाऱ्यालाच विचारा!

दुसरे एक सांगून ठेवतो. दुर्घटना झाली की लगेच शाळेत मुलांना गोळा करून "सांगा, काय पाहिलं, काय वाटलं" असे एकाच बैठकीत सक्तीने वदवून घेण्याची चाल मध्यंतरी जगभर होती. तिने विकृती टळत नाही, क्वचित अपायच होतो, असे आढळून आले आहे. वर सांगितलेली पद्धतही शिक्षकांनी वर्गात करून पाहू नये. मुलाला भीती वाटते ती वाटू द्यावी, शाळा नियमित चालू ठेवावी, ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकून घ्यावे. महिन्यानंतरही एखादे मूल वा मोठे माणूस सावरत नसेल, तर १४४१६ या 'टेलि-मानस'च्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते. केंद्र सरकारने ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. आणि कोणा उपचारकाकडे गेलात, तर पदवीची पाटी वाचून झाल्यावर त्यांना खुशाल दोन गोष्टी विचाराव्यात : अशा दुखण्यावरचा उपचार तुम्ही कोणाच्या देखरेखीखाली शिकलात, आणि मी बरा होतो आहे की नाही हे तुम्ही दर आठवड्याला कशावरून पाहणार? चांगला उपचारक या प्रश्नांनी रागावत नाही.