त्रिमितीय चित्रदर्शक : स्मरणरंजनाकडून वारसा-नोंदीकडे

प्रस्तावना : डोळ्यांशी धरून खटका दाबताच नवे दृश्य समोर आणणारे व्ह्यू-मास्टर हे खेळणे अनेकांच्या बालपणीच्या आठवणींशी निगडित आहे. तथापि त्याच्या चकत्या केवळ स्मरणरंजनाचे साधन नसून स्थळांचे चित्रमय दस्तऐवजही आहेत.

रचना : मानवी डोळ्यांमध्ये सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित भिन्न प्रतिमा दिसतात व मेंदू त्यांतून त्रिमितीची जाणीव घडवतो. हे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये मांडले. त्यावर आधारित व्ह्यू-मास्टर १९३९ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. त्याच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर १४ पारदर्शिका, म्हणजेच ७ दृश्यांच्या जोड्या असतात.

जतन : जुन्या कोडाक्रोम फिल्मचे रंग अंधारात दीर्घकाळ टिकतात, त्यानंतर वापरलेल्या फिल्मच्या अनेक चकत्या मात्र लालसर झाल्या आहेत. पावसाळी दमटपणामुळे फिल्मवर बुरशीही धरते. म्हणून चकत्या कोरड्या जागी ठेवून त्यांच्या संगणकीय प्रती घेणे आवश्यक ठरते.

स्थानिक उपयोजन : हेच तंत्र आजही उपयुक्त आहे. भद्रावती येथील विजासन लेण्यांतील लांब बोळ व टोकाची बुद्धमूर्ती यांतील अंतर साध्या छायाचित्रात नीटसे उमटत नाही. कॅमेरा साडेसहा सेंटिमीटर बाजूस सरकवून घेतलेल्या दोन छायाचित्रांत ते जपता येते.

निष्कर्ष : विद्यार्थ्यांनी स्थळ व दिनांकासह अशा जोडचित्रांचा संग्रह केल्यास, मागे पडलेल्या खेळण्याचे तंत्र झिजत चाललेल्या शिल्पांची विश्वसनीय नोंद ठेवील.