उलटी थांबली, पण नेमकं काय साधलं?

बाब अल बहरीनच्या कमानीतून मनामाच्या बाजारात शिरलात, की औषधाचं दुकान सापडायला वेळ लागत नाही. मूल रात्रभर ओकत असेल, तर आपण काउंटरवर म्हणतो, "उलटी थांबायला काहीतरी द्या." पण औषधं अनेक आहेत. त्यातलं कोणतं निवडायचं आणि कशाच्या आधारावर?

या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा आढावा बहरीनमधूनच झाला. अवालीतले झ्बिस फेडोरोविच, मनामाच्या अमेरिकन मिशन हॉस्पिटलमधल्या बालरोग विभागातल्या वनिता जगन्नाथ आणि ब्रिटनमधले बेन कार्टर यांनी तो केला. २०११ साली तो कॉक्रेनने प्रसिद्ध केला.

असा पद्धतशीर आढावा म्हणजे चार सोयीचे शोधनिबंध वाचून दिलेलं मत नव्हे. प्रश्न आणि निकष आधीच लिहून ठेवायचे, मग त्यात बसणाऱ्या सगळ्या चाचण्या शोधायच्या. निकाल आवडो वा न आवडो. इथे ७ चाचण्या सापडल्या, एकूण रुग्ण १,०२०.

गॅस्ट्रोमुळे उलट्या होणाऱ्या मुलांना इस्पितळाच्या तातडीच्या विभागात तोंडाने ऑन्डान्सेट्रॉन दिलं, तर दर ५ मुलांमागे एकाची सलाईन टळली. दर १७ मुलांमागे एकाचं लगेच भरती होणं टळलं. पण घरी सोडल्यानंतरच्या ७२ तासांपर्यंत पाहिलं, तर भरतीच्या प्रमाणात फरक उरला नाही. शिवाय पाचपैकी चार चाचण्यांत या औषधाचा दुष्परिणाम म्हणून जुलाबांची नोंद होती.

म्हणजे औषध चांगलं की वाईट? तुमच्या लक्षात आलं असेल, की हा प्रश्नच अपुरा आहे. हे औषध आजार बरा करत नाही; उलटी थांबवून ओआरएस पोटात टिकायला मदत करतं. पाणी भरून काढण्याचं खरं काम ओआरएसचंच. आणि मेटोक्लोप्रमाइडसारख्या इतर औषधांसाठी पुरावा जेमतेम एखाद्या छोट्या चाचणीचा होता. पुरावा तुटपुंजा म्हणजे औषध निरुपयोगी असं नाही, पण भरवसा ठेवायला तो पुरेसा नाही.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना नुसतं "चांगलं औषध कोणतं?" असं विचारू नका. "कशाच्या तुलनेत चांगलं? त्याने नेमकं काय टळेल? किती मुलांमागे एकाचं?" हे तीन प्रश्न विचारा. औषध निवडताना तज्ज्ञही हेच विचारतात.