भिंत पडते ती बाहेरच्या बाजूला

"लाटा काठ खातायत. एकदाची जाडजूड काँक्रीटची भिंत घातली की कटकट मिटली." अमेरिकेतल्या टेनेसीत तळ्याकाठी घर घेतलेल्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते पुरं होण्याआधीच माझी मान नकारार्थी हलायला लागते.

पहिली गोष्ट म्हणजे हे तळं नव्हे, धरणाचा जलाशय आहे. नॉरिस, चेरोकी, डग्लस आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातलं फॉन्टाना यांना नकाशावर 'लेक' म्हटलं असलं, तरी तिथलं पाणी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे टीव्हीए, ही 1933 साली स्थापन झालेली संघीय संस्था चढवते आणि उतरवते. आपल्याकडची धरणं पावसाळ्यात भरतात आणि पुढच्या मेपर्यंत आटत जातात. इथे पुराची भीती हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला असते. त्यामुळे त्या पाण्याला जागा करून ठेवण्यासाठी जलाशय आदल्या शरद ऋतूतच उतरवायला लागतात. नॉरिसची पातळी जूनमध्ये समुद्रसपाटीपासून 1,020 फूट ठेवायची असते, तर जानेवारीत सुमारे 1,000. वीस फुटांचा फरक! डग्लसमध्ये तो चाळीसच्या आसपास जातो, फॉन्टानात पन्नासच्या.

भिंतीचं दुखणं या उतारात आहे. उन्हाळाभर जलाशय भरलेला असतो, तेव्हा भिंतीमागची मातीही पाणी पिऊन तट्ट झालेली असते. पण समोरचं पाणी भिंतीला आतून येणाऱ्या रेट्याविरुद्ध टेकू देत असतं, म्हणून काही बिघडत नाही. मग पातळी उतरू लागते. समोरचा टेकू जातो. मागची चिकणमाती मात्र पाणी सोडायला तयार नसते. दोन मीटर उंचीच्या भिंतीचा ढोबळ हिशेब करून पाहा. मागे कोरडी माती असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण सव्वा टनाचा रेटा येतो. तीच माती पाण्याने गच्च असेल आणि समोर काही नसेल, तर अडीच टनांच्या वर. त्यातले दोन टन एकट्या पाण्याचे. म्हणून अशा भिंती तळ्याकडे झुकतात, फुगतात आणि शेवटी बाहेर लोळतात, तेही लाटांचा हंगाम संपल्यावर. दोष मात्र शेजाऱ्याच्या स्पीडबोटीला दिला जातो.

"मग आणखी जाड घालू." नको हो. मागचं पाणी बाहेर काढणं हा खरा उपाय आहे. भिंतीमागे खडीचा थर हवा, माती वाहून येऊ नये म्हणून गाळणकापड हवं आणि भिंतीत पाणी झिरपून बाहेर पडायला भोकं, म्हणजे वीप होल, हवीत. पूर्ण झालेल्या भिंतीत खडी आणि कापड दिसत नाही. ठेकेदार स्वस्तात काम करतो म्हणाला, की आधी याच दोन गोष्टींबद्दल विचारा.

बरं, लाटांचं तरी काय होतं? उभ्या, गुळगुळीत भिंतीवर आपटलेल्या लाटेचा जोर जिरत नाही, तो परत फिरतो. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढतात, भिंतीपुढचं पाणी मूळ लाटेच्या जवळपास दुप्पट उसळतं आणि पायथ्याची माती उकरली जाते. भिंत जिथे संपते, तिथे शेजाऱ्याचा काठ पूर्वीपेक्षा वेगाने ढासळतो. आपल्याकडच्या मातीच्या धरणांवर पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग असतं, ते ओबडधोबड दिसतं ते उगाच नव्हे. दगडांमधल्या फटींत लाटेचा दम निघतो आणि मागचं पाणीही तिथूनच निसटतं. पिचिंगचा एखादा दगड घसरला तर परत ठेवता येतो. तडकलेल्या काँक्रीटचं तसं नसतं.

हे माझं खासगी मत आहे असं वाटत असेल, तर अमेरिकेच्या संघीय नियमावलीतलं शीर्षक 18, भाग 1304 उघडा. धूप गंभीर असेल आणि भिंत हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे असं टीव्हीएला पटलं, किंवा ती आधीच्या मंजूर भिंतीला जोडायची असेल, तरच परवानगी मिळते. तिचा पाया उन्हाळी पूर्ण पातळीच्या काठापासून सरासरी दोन फुटांपलीकडे पाण्यात न्यायचा नाही, पायथ्याशी दगड टाकायचे, आणि वाहून गेलेली जमीन भराव घालून परत मिळवायची नाही. हे शेवटचं वाचून बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'लेकफ्रंट घेतलं, म्हणजे पाण्यापर्यंतची जमीन माझी' हे बऱ्याच ठिकाणी खोटं असतं. मधली पट्टी टीव्हीएची असू शकते, आणि नसली तरी तुमची जमीन पाण्याखाली घालण्याचा हक्क टीव्हीएकडे असू शकतो. खरेदीखत नीट वाचा. जुने टायर आणि रेल्वेचे लाकडी स्लीपर भिंतीसाठी चालत नाहीत. नियमात तशी नावानिशी मनाई आहे. नॉरिससारख्या जलाशयावर खांबांवर पक्का धक्का बांधला, तर जानेवारीत तो चिखलावर उभा दिसेल. तिथे तरंगताच हवा. त्याच्या तळाशी उघडं थर्मोकोलही चालत नाही, ते कवचात बंद असावं लागतं. धक्क्याची परवानगी घरासोबत आपोआप हस्तांतरित होते असं समजू नका. नव्या मालकाने साठ दिवसांत टीव्हीएला कळवायचं असतं.

'गोड्या पाण्यात विजेचा धोका कमी' हा समज जीवघेणा आहे. खाऱ्या पाण्यातून वीज शरीराला वळसा घालून जाते, तर गोड्या पाण्यात शरीर हाच तिचा सोपा मार्ग ठरतो. स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. 4 जुलै 2012 रोजी चेरोकी जलाशयात दोन मुलांना असाच विजेचा झटका बसला आणि दोघेही गेले. धक्क्यावर वीज असेल, तर त्याच्या जवळपास पोहायचं नाही. गळती ओळखून प्रवाह तोडणारं यंत्र बसवलेलं असलं तरीही.

आणि हिवाळ्यात पाणी उतरलं की 'आता कोरड्यात काम करतोय, परवानगी कशाला?' म्हणणारे भेटतातच. टीव्हीए कायद्याचं कलम 26अ टेनेसी नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या आत, आडव्या आणि काठाने होणाऱ्या बांधकामांना लागू आहे. त्यात ऋतूचा उल्लेख नाही.