ढिगाऱ्यातून सुटका आणि त्यानंतरचा मृत्यू

गंभीर आघाताने येणारा मृत्यू आघाताच्या क्षणीच येतो असे नाही. महाधमनी फाटल्यास तो मिनिटांत, उदरातील रक्तस्रावाने बहुधा तासांत येतो. चिरडलेल्या स्नायूंचा प्रकार याहून निराळा. १९४०-४१ मधील लंडनवरील बाँबवर्षावात ढिगाऱ्याखालून काढलेले काही रुग्ण प्रथम बरे दिसत. पुढे त्यांचा रक्तदाब उतरे, मूत्र गडद व अल्प होई आणि पुष्कळदा आठवड्याभरात ते दगावत. बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये अशा चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले.

दाब असेतोवर मृत स्नायूंतील द्रव्ये बव्हंशी तेथेच कोंडलेली असतात. तो निघताच ती रक्तात उतरतात. पोटॅशियम हृदय तत्काळ बंद पाडू शकते. मायोग्लोबिन मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिका निकामी करते, आणि रक्तातील द्रव सुजणाऱ्या स्नायूंत शिरल्याने ही हानी वाढते. सुटकेचा क्षण हाच अशा रीतीने धोक्याचा आरंभ ठरतो. म्हणूनच शक्य तेथे तुळई उचलण्यापूर्वीच, रुग्ण ढिगाऱ्याखाली असतानाच, शिरेतून सलाइन सुरू करतात. त्यात पोटॅशियम मात्र असता कामा नये.