जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पण वायफाय कुठे गेलं?

"दादा, वायफायचं चिन्हच येत नाहीये. दुकानवाले म्हणतात कार्ड गेलंय, बदलावं लागेल."

माझ्या मामेबहिणीचा फोन. तिच्याकडे माझा जुना लॅपटॉप आहे, मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा २०१५ मध्ये घेतलेला, ४ जीबी रॅमचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ काही त्या लॅपटॉपवर चालत नाही. म्हणून मीच तिला लिनक्स मिंट टाकायला लावलं होतं. चार दिवसांवर डिप्लोमाचं प्रोजेक्ट सबमिशन आणि लॅपटॉपला नेट नाही. मामा नवीन कार्डाचे पैसे द्यायला निघालेच होते.

मी म्हटलं, थांब. काल विंडोजवर वायफाय चालत होतं ना? मग एका रात्रीत कार्ड मरत नाही. बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं, लिनक्सला त्याच्याशी बोलता येत नसतं, एवढंच.

आता गंमत अशी की ड्रायव्हर टाकायला नेट लागतं आणि नेट यायला ड्रायव्हर लागतो. इथे तुमच्या खिशातला फोन कामाला येतो. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला ते साधं वायरवालं नेटवर्क वाटतं, वेगळं काहीच टाकावं लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच नेट केबलमधून पुढे देतात, म्हणजे डेटा पॅकही वाचतो. फक्त केबल डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने टेदरिंगचा पर्याय चालूच होत नाही. बहिणीचा अर्धा तास त्यातच गेला.

मग टर्मिनल उघडायला सांगितलं आणि फोनवरून एकेक अक्षर सांगितलं: एल, एस, पी, सी, आय, मग स्पेस, डॅश, एन, एन, के. सगळी अक्षरं छोटी. ही कमांड लॅपटॉपमधली कार्डं आणि प्रत्येकाला कुठला ड्रायव्हर लागलाय ते दाखवते. 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलेल्या ओळीत तिला ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ दिसलं आणि चौकटी कंसात १४ई४:४३६५. हा नंबर म्हणजे कार्डाचा आधार नंबर समजा. पहिला भाग कंपनीचा, दुसरा त्या मॉडेलचा. नेटवर उपाय शोधताना लॅपटॉपचं मॉडेल टाकून वेळ घालवू नका, हा नंबर टाका. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्येही वेगवेगळी कार्डं असू शकतात.

तिच्याकडे ड्रायव्हरच्या ओळीत 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज' होतं. ती खूश, "म्हणजे ड्रायव्हर आहे की!" नाही. तो नुसता पूल आहे. चिपपर्यंत रस्ता झाला, पण पलीकडे वायफाय चालवणारं कोणी नाही.

सगळ्याच कार्डांचं असं नसतं. इंटेलची कार्डं बहुधा आपोआप चालतात. जुन्या एथेरॉसचंही तसंच. ब्रॉडकॉममध्ये मात्र मॉडेलप्रमाणे रस्ता बदलतो. ४३१३ चा खुला ड्रायव्हर २०१० मध्ये कंपनीनेच दिला. त्याहून जुन्या ४३११, ४३१२ साठी लोकांनी चिपचा अभ्यास करून 'बी४३' नावाचा ड्रायव्हर लिहिला, पण चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, वाटायची परवानगी नसल्यामुळे तो वेगळा उतरवावा लागतो. आणि ४३१४२ ला लागतो 'डब्ल्यूएल' नावाचा बंद ड्रायव्हर.

मिंटमध्ये तो मिळवणं सोपं आहे. मेनूत 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, 'बीसीएमडब्ल्यूएल' पासून सुरू होणारा पर्याय निवडा, लागू करा, रीस्टार्ट. बहिणीने केलं. वायफाय तरीही नाही! इथे खरं तर मीच सांगायला विसरलो होतो.

लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' चालू असेल तर ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर लिनक्स आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हर टाकताना तो तुमच्याकडून एक पासवर्ड ठरवून घेतो आणि रीस्टार्टला निळा स्क्रीन दाखवतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बहिणीला वाटलं काहीतरी बिघडलं, तिने घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं. मग 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल' दिल्यावर उत्तर आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. हे वाक्य दिसलं की समजायचं, ड्रायव्हर आहे, सहीवर अडलंय. आम्ही 'एमओके-युटिल' कमांडने ती किल्ली पुन्हा इम्पोर्ट केली, रीस्टार्ट केलं आणि या वेळी तिने निळ्या स्क्रीनवर बरोबर बटण दाबलं. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हाही मार्ग आहे, पण दोन मिनिटांच्या कामासाठी कुलूपच काढून ठेवणं मला पटत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा ड्रायव्हर जुना आहे, त्यामुळे कर्नल अपडेट झाल्यावर कधीतरी वायफाय पुन्हा गायब होऊ शकतं. तेव्हा घाबरून लिनक्स परत टाकत बसू नका (मी कॉलेजात तीनदा टाकलं होतं). लॅपटॉप सुरू होताना 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा, तोवर काम चालतं.

रात्री साडेअकराला पुन्हा फोन. "दादा, घरचं वायफाय लागलं, पण माझ्याच फोनचा हॉटस्पॉट दिसत नाहीये." तिचं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि फोनचा हॉटस्पॉट ५ वर होता. सेटिंगमध्ये बँड बदलला. सकाळी प्रोजेक्टची फाइल मला व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तपासायला.