तहानलेलं रोप आणि पाझरणारं मडकं

शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली नावाचं गाव आहे. नावातच मोर आणि चिंचा! तिथली जुनी चिंचेची झाडं मे महिन्यातही सावली धरून उभी असतात. त्यांना कुणी बादलीनं पाणी घालत नाही. मग आपण जुलैत लावलेलं चिंचेचं रोप दिवाळीनंतर मान का टाकतं?

कारण रोप नर्सरीच्या पिशवीत वाढलेलं असतं. मुळंही पिशवीएवढीच! खड्ड्यात लावल्यावरसुद्धा बरेच दिवस ते त्याच ओंजळभर मातीतलं पाणी पितं. हातभर खाली ओल असली तरी मुळं तिथवर पोचलेलीच नसतात. पानांतून वाफ मात्र दिवसभर उडत राहते.

त्यात शिरूर-दौंडचा पाऊस तुटपुंजा. पावसाळी ढग सह्याद्री चढतानाच रिते होतात. म्हणून एकाच पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि इकडे जेमतेम ५००! म्हणजे रोपाला निदान दोन-तीन उन्हाळे आपला हात हवा.

रोज तांब्याभर पाणी घालावं का? नको. त्यानं वरचीच माती भिजते आणि दुपारपर्यंत सुकते. मुळंही वरवरच रेंगाळतात. त्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा आळं भरून पाणी द्या. ओल खोल जाते, तिच्यामागे मुळंही खोल जातात. आळ्यात उसाचं पाचट पसरा. दौंडकडे त्याला काय तोटा!

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. रोपापासून वीतभर अंतरावर एक साधं, रंग न दिलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि वर झाकण ठेवायचं, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. मडक्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. भोवतीची माती कोरडी पडली की ती या छिद्रांतून पाणी ओढून घेते. ती ओली झाली की ओढ कमी होते आणि पाझरही मंदावतो. ना नळ, ना वीज, तरी रोपाला हवं तेवढंच पाणी! चीनमध्ये ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे.

मडक्यात एक काडी बुडवून रोज पाण्याची उंची मोजा आणि वहीत लिहा. मे महिन्यात पाणी भराभर उतरेल. मग पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा काडी बुडवून बघा, पाणी किती उतरलंय ते!